वजा केलेली थरथर

धम्मदीपला आधी वाटलं, ब्लूटूथचा डोंगल गंडलाय. मग वाटलं, रिमोट कुठेतरी आपटलेला असणार. मग कॉम्प्युटरमधल्या ड्रायव्हरवर संशय, मग यूएसबीच्या सॉकेटवर, मग लोडशेडिंगनंतर लाइट येताना जो झटका बसतो त्याच्यावर. चार दिवस या पठ्ठ्यानं घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंवर संशय घेतला. माणसाच्या हाताकडे बघावं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

साल दोन हजार आठ. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये चेतनदास शेठचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं आणि धम्मदीप तिथे सहा वर्षं कामाला होता. दुकानात दुबईहून जुना माल लॉटमध्ये यायचा. कीबोर्ड, मॉनिटर, वायरींचे गुंते, कशातून काय निघेल त्याचा नेम नसायचा. एकदा एका खोक्याच्या तळाशी हा रिमोट निघाला. पांढरा, वीतभर लांब, मनगटात अडकवायला दोरी. तिकडची माणसं म्हणे तो हातात धरून हवेतच बॅट फिरवतात आणि टीव्हीतला माणूस चेंडू मारतो. पण ज्या डब्याला जोडून तो चालतो, तो डबाच लॉटमध्ये नव्हता.

"इसका मशीन तो है नहीं, साईं," चेतनदास म्हणाला. "अकेला रिमोट किस काम का? तू ले जा."

कशाच्या कामाचा, ते धम्मदीपला पक्कं ठाऊक होतं. अंबरनाथ पश्चिमेला त्याच्या घरी असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. परदेशातून टपालानं फुकट सीडी येते म्हणून त्यानं ती मागवली, फुकट आहे म्हणून टाकून बघितली आणि मग त्या नादालाच लागला. जगभरातले असेच नादिष्ट लोक इंटरनेटवर एकमेकांना कळवायचे, कुठली वस्तू कशी चालवायची. त्यातल्याच कुणीतरी या रिमोटची भाषा फोडून ठेवली होती. कॉम्प्युटरवर दोन प्रोग्राम टाकायचे, रिमोटवरची एक आणि दोन नंबरची बटणं एकदम दाबायची, की चार निळे दिवे लुकलुकायला लागतात आणि स्क्रीनवर खिडकी उघडते. खिडकीत तीन रेघा पळत असतात. हात तिरका केला की रेघ वाकते, झटका दिला की उसळते, आणि हात स्थिर धरला की तिन्ही सरळ जातात. पहिल्या संध्याकाळी त्या रेघा उमटल्या तेव्हा धम्मदीप एकटाच खोलीत टाळ्या वाजवत होता, आता बोला!

पण हा सगळा खटाटोप त्यानं स्वतःसाठी केलेला नव्हता. केला होता पप्पांसाठी.

त्याचे पप्पा, भगवान, अंबरनाथमधल्याच आनंदनगरच्या एका थर्मामीटरच्या कंपनीत भरणी खात्यात होते. सत्तावीस वर्षं एकच काम. काचेच्या केसाएवढ्या बारीक नळ्यांत पारा भरायचा, टेबलावर सांडलेला ब्रशनं ट्रेमध्ये गोळा करायचा आणि तो ट्रे न हिंदकळता पलीकडे नेऊन द्यायचा. एकेकाळी माणूस असा, की जयंतीच्या मिरवणुकीत लेझीमच्या पुढे यांचाच आवाज. दोनेक वर्षांत मात्र पार उलटं झालं. कुणाशी बोलेनात, बोलले तर वस्सकन अंगावर येत. चहा गार असला तरी राग आणि गरम असला तरी राग. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे. कुणी दारात आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. आई म्हणायची, "रिटायरमेंट जवळ आली की पुरुषांचं असंच होतं." धम्मदीपला ते पटायचं नाही, पण दुसरं काही सुचायचंही नाही. बापाचं हसणं ऐकून वर्ष झालं होतं, आणि त्याचा त्याला फार त्रास व्हायचा.

लिनक्सवर एक फुकटचा गेम होता. एक फरशी, तिच्यावर एक गोळी. रिमोट तिरका कराल तशी फरशी तिरकी होते, आणि गोळी घरंगळवत भोकापर्यंत न्यायची. कडेवरून पडली की खेळ खलास. धम्मदीपला वाटलं, अरे, हे तर पप्पांचं रोजचं काम! तो आणि त्याची धाकटी बहीण प्रीती लहान असताना पप्पांनी एकदा इंजेक्शनच्या बाटलीतून पाऱ्याचा थेंब आणला होता आणि स्टीलच्या ताटात फिरवून दाखवला होता. "बघा, पळतो कसा. पण माझं ऐकतो," असं म्हणाले होते.

पप्पांनी रिमोट धरला आणि गोळी ऐकेचना. फरशी सरळ धरली तरी ती जागच्या जागी उड्या मारत राहिली, मग सरकत सरकत कडेवरून गेली. सात वेळा तेच. आठव्या वेळी पप्पांनी रिमोट कॉटवर भिरकावला.

"भंगार आणतोस घरात," ते म्हणाले. "जा, नेऊन दे त्या शेठला."

धम्मदीपनं स्वतः धरून पाहिला, तर गोळी लोण्यासारखी सरकली. दुसऱ्या दिवशी दुकानात लॅपटॉपला जोडून चेतनदासच्या हातात दिला. रेघा सरळ. "माल बरोबर है, साईं. मेरे हाथ में तो सीधा चलता है," शेठ म्हणाला. एखाद्या शहाण्याला इथंच कळलं असतं. पण बारा-बारा तास मशीनं उघडणाऱ्याला मशीनच दिसतं. त्यानं ठरवून टाकलं, की पप्पांची पकड घट्ट आहे, त्यानं आतल्या सेलचा कॉन्टॅक्ट हलतो आणि रीडिंगमध्ये कचरा येतो. कचऱ्यावर औषध त्याला ठाऊक होतं. प्रत्येक रीडिंग जसंच्या तसं गेमला द्यायचं नाही. मागच्या वीस रीडिंग्जची सरासरी काढायची आणि तीच द्यायची. मग बारीक थरथर आपोआप वजा होते आणि हाताची मोठी हालचाल तेवढी उरते. बारा ओळींचा प्रोग्राम झाला. त्या ओळींच्या वर त्यानं स्वतःच्या माहितीसाठी लिहून ठेवलं: कचरा काढला.

त्या संध्याकाळी पप्पांना अक्षरशः हाताला धरून आणावं लागलं. "एकदाच, पप्पा. जमलं नाही तर मी स्वतः नाल्यात फेकून येतो."

गोळी निघाली. वळणावरून वळली, चिंचोळ्या पट्टीवरून गेली, भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबली, आणि पप्पांनी मनगट अलगद कलवलं तशी आत पडली. पप्पा स्क्रीनकडे बघत राहिले. मग हसले. आवाज बसल्यासारखं झालं होतं ते हसणं, पण खरं होतं. आई ओट्यापाशी कणीक मळत होती, तिनं पाठ फिरवून डोळे पुसले.

आठवडाभर घराचं रूपच पालटलं. पप्पा कामावरून आले, की हातपाय धुऊन थेट कॉम्प्युटरसमोर. शेजारचे येऊन बघायला लागले आणि पप्पा आतल्या खोलीत पळेनात. प्रीतीही मधेच रिमोट ओढून दोन डाव खेळून जायची. पप्पा अकराव्या पातळीला पोचले तेव्हा सगळ्यांसमोर हात पुढे करून म्हणाले, "सत्तावीस वर्षं पारा सांभाळलाय! हात बघा, हात!" धम्मदीपची छाती अशी फुगली होती, की विचारू नका.

त्याच आठवड्यात पप्पांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

कंपनीनं तो भरणी खात्यातल्या सगळ्यांना वाटला होता. बाहेरून कुणीतरी तपासणीला आलं होतं, काहीतरी बोलणी झाली होती, आणि आता प्रत्येकानं दोनपैकी एका चौकोनात खूण करायची होती. एक, मुंबईच्या दवाखान्यात जाऊन तपासणी करून घेणार. दोन, मला कोणताही त्रास नाही, तपासणी नको. खाली सही. कागद सोमवारी द्यायचा. पहिल्या चौकोनाला सगळे टरकून होते, कारण पप्पांच्याच टेबलावरचा सुदाम दोन महिन्यांपूर्वी स्वतःहून तपासून आला होता आणि तेव्हापासून त्याला घरी बसवलेलं होतं. जो तपासायला गेला तो गेला, अशी बोलवा झाली होती.

"मी काय सुदाम आहे काय?" पप्पा म्हणाले. "तो ट्रे नेताना निम्मा पारा सांडायचा. माझं तर तूच बघतोयस रोज."

"हात तर एकदम ओके आहे तुमचा," धम्मदीप म्हणाला. "दोन नंबरला खूण करा आणि देऊन टाका."

हे तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला. पुढे कितीतरी दिवस त्याला ते आठवून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शनिवारी दुकान अर्धाच दिवस होतं. दुपारी अंबरनाथला उतरून घरी जाताना पश्चिमेच्या बाजारात त्याला सुदामकाका भेटले. हातगाडीजवळ उभे होते, समोर चहाचा ग्लास, पण तो त्यांनी उचललेला नव्हता. वाकून, ग्लास फळीवरच ठेवून, तोंड खाली नेऊन ते चहा पीत होते. धम्मदीपला बघून कसनुसे हसले.

"दीपू, बापानं कागद दिला का रे?"

"सोमवारी देतायत. त्रास नाही म्हणून."

"नाही?" सुदामकाकांनी तोंड पुसलं. "अरे, मी आणि तो एका टेबलाला. एक पंखा, एक खिडकी. मला झालं आणि त्याला नाही, असं कसं होईल?"

"कळतं कसं पण, काका?"

"आधी कळत नाही, तीच तर गोम आहे. तिकडं डॉक्टरीणबाईंनी कागद दिला, म्हणाल्या, जिलबी काढा. मला हसू आलं. काढली, तर जिलबीला सगळीकडनं दात, विळीसारखे. मी म्हटलं, पेन खराब आहे तुमचं. त्यांनी त्याच पेनानं काढून दाखवली, गोल गरगरीत." त्यांनी पुन्हा वाकून एक घोट घेतला. "पारा अंगात मुरलाय म्हणाल्या. झोप जाते, डोकं फिरतं, माणूस माणसाला टाळतो, ते सगळं त्याचंच. लवकर कळलं आणि काम सोडलं, तर उतरतो हळूहळू. उशीर झाला की राहिला कायमचा."

धम्मदीप म्हणणार होता, की पप्पांचा हात तर गेममध्ये... आणि तेवढ्यात त्याला ते आठवलं. पेन खराब आहे तुमचं. त्यानंही मशीनलाच दोष दिला होता. सुदामकाका काहीतरी विचारत होते, ते न ऐकताच तो निघाला, बाजारातून जवळजवळ पळत.

घरी येऊन त्यानं कॉम्प्युटर चालू केला. त्या बारा ओळी लावायच्या आधीच्या रीडिंग्जच्या फायली त्यानं सवयीनं ठेवून दिल्या होत्या. स्वतःची उघडली, रेघ सरळ. चेतनदासची उघडली, सरळ. पप्पांची उघडली. करवतीसारखे दात, एकासारखा एक, शेवटपर्यंत. त्यानं बोट ठेवून मोजले. एका सेकंदात सहा. पुढच्या सेकंदात सहा. त्याच्या पुढच्यातही सहा. कचरा कधी असा तालात येत नसतो, हे त्याला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट! दुकानात नवीन आलेल्यालाही त्यानं ती दहा वेळा समजावली असती. बापाचं दुखणं त्याच्यासमोर रेघ होऊन पळत होतं आणि त्यानं ते पुसून टाकलं, वर शाबासकी घेतली.

रविवारी सकाळी प्रीती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली. आई मोरीत कपडे घासत होती. पप्पा टेबलाशी बसले होते, समोर कागद आणि पेन. धम्मदीप शेजारी जाऊन बसला.

"पप्पा, सही करू नका."

"का?"

"तुमचा हात हलतो."

पप्पा हसले. "येडा झाला काय? बारावी लेव्हल काल कोणी काढली?"

"ती मी काढली," धम्मदीप म्हणाला. "प्रोग्राममध्ये मी तुमची थरथर काढून टाकली होती. मला वाटलं, मशीनचा कचरा आहे. मशीनचा नव्हता, पप्पा. तुमचा होता."

त्यानं त्या बारा ओळी बंद केल्या आणि रिमोट पप्पांच्या हातात दिला. गोळी नाचली, सरकली, पडली. त्यानं खिडकी उघडली. करवत. मग स्वतः धरून दाखवला. सरळ.

पप्पांचा चेहरा काळवंडला आणि मग लालबुंद झाला. "सगळ्या गल्लीसमोर मला नाचवलंस!" ते ओरडले. "काल म्हणतोस ओके, आज म्हणतोस हलतो. उद्या काय म्हणशील? भंगारातला रिमोट, फुकटची सीडी, आणि त्याच्यावर माझी नोकरी घालवायला निघालास! अरे, तू कॉम्प्युटरवाला, तुला सवय आहे धरायची. म्हणून तुझी सरळ येते. दुसऱ्या कुणाची येणार नाही. थांब, तुला दाखवतो." त्यांनी मान वळवून हाक मारली. "अगं ए, इकडे ये जरा!"

आई मोरीतून आली, कोपरापर्यंत फेस, हात पदराला पुसत. "काय झालं? एवढं ओरडायला?"

"हे धर. नुसतं धर, हलवू नकोस."

"अहो, माझे हात ओले."

"धर म्हणतो ना!"

तिनं धरला. दोन्ही हातांनी, आरतीचं ताट धरावं तसा जपून. श्वास रोखून उभी राहिली बिचारी, आपल्यामुळे काही बिघडू नये म्हणून. स्क्रीनवर रेघेला दात फुटले.

"बघ!" पप्पांनी टेबलावर थाप मारली. "बघ, बघ! हिनं काय आयुष्यात पारा बघितलाय का? ही गेलीय का कधी कंपनीत? तरी हलते ना रेघ? म्हटलं नव्हतं, मशीनच खराब आहे!" आणि ते हसायला लागले, मोठ्यानं, अगदी सुटल्यासारखे. एवढं मोकळं तर ते बाराव्या पातळीलाही हसले नव्हते.

धम्मदीप हसला नाही. त्यानं आईच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि टेबलावर आडवा ठेवून हात मागे घेतला. कुणाचाच हात नाही आता. तिन्ही रेघा सरळ झाल्या, फूटपट्टीनं आखल्यासारख्या, आणि तशाच पळत राहिल्या.

पप्पांचं हसणं हळूहळू थांबलं. त्यांनी रेघांकडे बघितलं. मग आईच्या हातांकडे. मनगटावर फेस अजून सुकायचा होता. मग मोरीकडे. तिथे बादलीत त्यांचा निळा युनिफॉर्म भिजत होता, कालचा, कंपनीतून अंगावरच घालून आणलेला. सत्तावीस वर्षं रोज आणलेला.

"मला का धरायला लावलंत?" आईनं विचारलं. तिला काही कळलं नव्हतं, पण दोघांचे चेहरे बघून ती घाबरली होती. "माझं काय झालं? कुणी बोला ना!"

पप्पांनी बादलीकडे बघतच विचारलं, "प्रीती कपडे कधीपासून धुते?"

"माझं कंबरेचं दुखणं सुरू झालं तेव्हापासून. दहावीत होती. आता एक दिवस ती, एक दिवस मी." आई म्हणाली. "का?"

पप्पांनी कागद पुढे ओढला. पहिल्या चौकोनात खूण केली, खाली सही केली. मग कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. अक्षर वाकडंतिकडं येत होतं आणि आता ते लपवत नव्हते. शालन, असं आईचं नाव लिहिलं. प्रीती, असं लिहिताना वेलांटी दोनदा सुटली. तिथे पेन थांबलं.

"घरच्यांना बघतात का रे तिथं?" त्यांनी विचारलं.

"बघायला लावू," धम्मदीप म्हणाला.

"तुझं नाव लिहू?"

"माझा हात स्थिर आहे, पप्पा."

हे म्हणताना त्याला शरमेनं मान वर करवेना. घरातल्या चौघांत त्याची एकट्याचीच रेघ सरळ म्हणायची, आणि कशामुळे? त्यानं जन्मात कधी बापाचा कपडा धुतला नव्हता. बापाचा सोडा, स्वतःचाही नाही.

आई सवयीनं मोरीकडे वळली. कपडे पिळायचे राहिले होते.

"नको!" बापलेक एकदमच ओरडले.

ती जागीच थांबली. बादलीतल्या त्या युनिफॉर्मला आता कुणी हात लावायचा, हे तिघांपैकी कुणालाच कळेना.